लिपिड ड्रॉपलेट: पेशीतला चरबीचा थेंब परजीवीशी लढतो की त्याला मदत करतो?

चरबी म्हटली की पोटाचा घेर आठवतो. पण शरीरातील बहुतेक पेशी चरबीचे सूक्ष्म थेंब साठवू शकतात. त्यांना लिपिड ड्रॉपलेट किंवा मेदबिंदू म्हणतात. परजीवींच्या संसर्गात हे थेंब महत्त्वाची भूमिका बजावतात.

मेदबिंदू म्हणजे काय?
मध्ये ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर, भोवती फॉस्फोलिपिडचा एकपदरी थर आणि त्यावर प्रथिने, अशी त्यांची रचना असते. पूर्वी त्यांना केवळ ऊर्जेचे कोठार मानले जाई. मात्र त्यांच्यावर जंतुनाशक प्रथिनेही जमा होतात, हे २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील संशोधनाने दाखवले. ते संशोधन जिवाणूंबाबत होते. परजीवींच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे.

शागास आजारात काय घडते?
ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा एकपेशीय परजीवी त्याला कारणीभूत असतो. लॅटिन अमेरिकेत तो मुख्यतः रक्त शोषणाऱ्या एका किड्याच्या विष्ठेतून पसरतो. उपचार न मिळालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये पुढे अनेक वर्षांनी हृदयविकार उद्भवतो.

संसर्ग झाला की मॅक्रोफेज या संरक्षक पेशी परजीवीला गिळतात आणि त्यांच्यातील मेदबिंदू वाढतात. या थेंबांमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार होते. ते दाह आटोक्यात ठेवायला मदत करते, पण मॅक्रोफेजची परजीवी मारण्याची क्षमताही कमी करते. म्हणजे शरीराची ही प्रतिक्रिया दुधारी ठरते.

मग अ‍ॅस्पिरिन घ्यावी का?
नाही. प्रयोगशाळेत अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी संसर्गित मॅक्रोफेजमधील मेदबिंदू घटले आणि परजीवींची वाढही मंदावली. पण हे प्रयोगातील निष्कर्ष आहेत, उपचार नव्हेत. शागासवर बेंझनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स ही औषधे वापरतात.

भारताशी संबंध काय?
बिहारसारख्या राज्यांत आढळणाऱ्या काळा आजाराचा लेश्मानिया परजीवीही मॅक्रोफेजमध्येच वाढतो. लेश्मानियाच्या काही प्रजातींच्या संसर्गातही या पेशींत मेदबिंदू वाढलेले दिसले आहेत. त्यामुळे परजीवीला थेट मारण्याबरोबरच, त्याला आश्रय देणाऱ्या पेशीतील चरबीचे व्यवस्थापन बदलता येईल का, हाही संशोधनाचा विषय बनला आहे.