चवदार तळे खटला

महाड (जि. रायगड, पूर्वीचा कुलाबा) येथील चवदार तळ्याचे पाणी घेण्याच्या अस्पृश्यांच्या हक्कासंबंधी झालेला इतिहासप्रसिद्ध दिवाणी खटला (१९२७–३७). महाडमधील काही सवर्ण हिंदूंनी तो डॉ. भीमराव रामजी आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दाखल केला आणि महाडचे दुय्यम न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय व मुंबई उच्च न्यायालय या तीनही ठिकाणी वादींची हार झाली. अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातील मोठा विजय म्हणून या खटल्याचा उल्लेख होतो व तो यथार्थच आहे. परंतु न्यायालयांनी नेमके काय ठरविले आणि काय अनिर्णित ठेवले, इकडे सहसा लक्ष दिले जात नाही. समतेचे तत्त्व महाडच्या सभामंडपात मांडले गेले. न्यायालयातील निर्णय मात्र रूढीच्या पुराव्यावर झाला.

ब्रिटिश अंमलात कायद्यापुढे सर्व प्रजाजन समान, हे तत्त्व कागदोपत्री मान्य झाले होते. पण रूढीशी गाठ पडली, की राज्यकर्ते माघार घेत. १८५६ मध्ये धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्याने मुंबई सरकारकडे दाद मागितली असता, न्याय अर्जदाराच्या बाजूने असला, तरी एका व्यक्तीसाठी दीर्घकाळच्या लोकसमजुतीविरुद्ध जाणे इष्ट नाही, अशा आशयाचा निर्णय सरकारने दिला. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही या पार्श्वभूमीवर एका व्यक्तीने आपल्यापुरती केलेली दुरुस्ती होती. पुढे १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला आपला गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती व अमेरिकेतील गुलामांची स्थिती यांतील साम्य मराठी वाचकांपुढे ठळकपणे आले ते या अर्पणपत्रिकेने. फुल्यांच्या मनातील अमेरिका गुलामगिरी नष्ट केलेली अमेरिका होती. तेथील न्यायालयांचा इतिहास मात्र इतका उजळ नाही, आणि महाडचा खटला समजून घेण्यास तो उपयोगी पडतो.

ड्रेड स्कॉट या मिसूरी राज्यातील गुलामाने आपल्या स्वातंत्र्यासाठी लावलेल्या दाव्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च १८५७ रोजी दिला. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते मुक्त असोत वा नसोत, संविधानाच्या अर्थाने नागरिक होऊ शकत नाहीत आणि म्हणून त्यांना संघीय न्यायालयात दावा लावण्याचा अधिकार नाही, असे सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी ठरविले. या निर्णयाचा आधार काय होता? संविधान तयार झाले त्या काळी गोऱ्या समाजाची समजूत व वहिवाट काय होती, हा. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी आपल्या भिन्न मतपत्रात हा आधारच खोडून काढला. त्या काळी पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीयांना मताधिकार होता, हे त्यांनी दाखवून दिले. एब्राहम लिंकन यांनी त्याच वर्षी जून महिन्यात स्प्रिंगफील्ड येथील भाषणात कर्टिस यांचाच मुद्दा उचलून धरला आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेचे वचन हे तत्कालीन वस्तुस्थितीचे वर्णन नसून पुढील काळाने गाठावयाचे प्रमाण आहे, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वी पाच वर्षे, ५ जुलै १८५२ रोजी, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी रॉचेस्टर येथील भाषणात, राष्ट्राचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या दृष्टीने काय आहे, असा रोखठोक सवाल केला होता.

यादवी युद्धानंतर १८६५ ते १८७० या काळात झालेल्या तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी रद्द केली, नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. तथापि १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात याच सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्यातील आगगाडीच्या वेगळ्या डब्यांचा कायदा वैध ठरविला. असा कायदा वाजवी आहे किंवा नाही हे ठरविताना लोकांच्या प्रस्थापित चालीरीती व परंपरा लक्षात घेण्याची विधिमंडळास मुभा आहे, असे बहुमताच्या निर्णयात म्हटले आहे. न्यायमूर्ती जॉन हार्लन एकटे विरुद्ध राहिले. संविधानात समतेचे कलम असूनही रूढीच्या आधारे ते निष्प्रभ करता येते, हे या खटल्याने दाखविले. महाडच्या प्रकरणी तर असे कलम अस्तित्वातच नव्हते.

मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस हे सुधारणावादी होते. ठराव झाला, परंतु तळ्यावर कोणी गेले नाही. जाण्याचे धैर्य व्हावे अशी परिस्थितीच नव्हती.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरली. परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, ही एकच गोष्ट ठरावाची किंमत सांगण्यास पुरेशी आहे. दुसऱ्या दिवशी अनंत विनायक चित्रे यांच्या सूचनेवरून परिषदेचे प्रतिनिधी मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि आंबेडकरांनी व त्यांच्यामागून इतरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत, अशी वावडी उठली आणि जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींना व मंडपात जेवणाऱ्यांना मारहाण केली. त्याबद्दल पाच जणांना पुढे चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याची मात्र पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली आणि नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती.

आंबेडकरांनी डिसेंबर अखेरीस महाड येथे सत्याग्रह परिषद घेण्याचे जाहीर केले. तेव्हा वादींनी १२ डिसेंबर रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांपुढे दावा दाखल केला. तळे हे खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे असून त्यावर केवळ स्पृश्यांचा हक्क आहे असे जाहीर करावे व प्रतिवादींना कायमची मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. १४ डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. या हुकमामुळे आंबेडकरांपुढे निराळाच पेच उभा राहिला. मार्चमध्ये विरोध जमावाचा होता. आता तो न्यायालयाच्या कागदावर आला होता, आणि मोडावयाचा तर सरकारशी विरोध पत्करावा लागणार होता. सरकार आतापर्यंत निदान उघडपणे प्रतिकूल नव्हते.

परिषद २५ डिसेंबरला सुरू झाली. जागा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली होती. आंबेडकर मुंबईहून बोटीने दासगाव बंदरापर्यंत व तेथून महाडला आले. त्यांचे अध्यक्षीय भाषण हे मराठी वक्तृत्वाच्या इतिहासातील एक मानदंड होय. चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही म्हणून आजवर कोणी मेले नाही. आपण तेथे जातो ते इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असे त्यांनी सांगितले. या सभेची तुलना त्यांनी १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. ही तुलना अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. परंतु परिषदेने जन्मतः सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा संमत केला, हे ध्यानात घेता तिचे प्रयोजन कळते. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या आंबेडकरांना अमेरिकेचा इतिहास अपरिचित नव्हता. तरीही त्यांनी आदर्श म्हणून फ्रान्स निवडला. पाण्याच्या प्रश्नातून समाजाची नवी घडण काढावयाची असल्याने जुन्या व्यवस्थेचा पायाच नाकारणारी क्रांती त्यांना जवळची वाटली असावी. त्याच रात्री गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या व पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.

जमलेल्या हजारो लोकांचा कल मनाई मोडण्याकडे होता. जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन दिवाणी न्यायालयाच्या निर्णयापर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. अखेर २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब झाला आणि तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढून लोक परतले. या माघारीबद्दल आंबेडकरांवर टीका झाली. पुढील घटनांवरून पाहता ती माघार शहाणपणाची ठरली, असेच म्हणावे लागते. मात्र त्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठविण्यात आला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी लागला. अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी न घेण्याची जुनी वहिवाट असल्याचे दुय्यम न्यायाधीशांना मान्य होते. परंतु एका वर्गाने वापर केला व दुसऱ्याने केला नाही, एवढ्याने पहिल्याला दुसऱ्यास वगळण्याचा कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असे त्यांनी ठरविले. ठाण्याच्या न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ रोजी अपील फेटाळले. त्यावरील दुसरे अपील नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने मुंबई उच्च न्यायालयात चालले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न. ज. वाडिया यांच्यापुढे त्याची सुनावणी होऊन १७ मार्च १९३७ रोजी निर्णय झाला. १९२२ मध्ये अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड.

उच्च न्यायालयापर्यंत येईतो मालकीचा दावा गळून पडला होता. तळे नगरपालिकेकडे निहित आहे, हे वादग्रस्त राहिले नव्हते. उरला होता तो स्मरणातीत रूढीचा मुद्दा. तळे चार ते पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचा रस्ता. त्यापलीकडे सवर्णांची व थोडी मुसलमानांची घरे. जवळपास अस्पृश्यांची वस्ती नाही. तळे किमान अडीचशे वर्षांचे जुने होते, पण ते कोणी व कोणासाठी निर्माण केले याचा पुरावा नव्हता. देवालयाला लागून असलेल्या तळ्यांच्या बाबतीत दीर्घकालीन वहिवाटीवरून ती विशिष्ट जातींसाठीच अर्पण केली होती, असे अनुमान काढता येईल. येथे तसे अनुमान काढण्यास आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अलीकडच्या काळात अस्पृश्य तेथे जात नव्हते, यावरून पूर्वापार त्यांना तेथून वगळण्याचा हक्क सवर्णांकडे होता, हे सिद्ध होत नाही. या कारणासाठी अपील खर्चासह फेटाळण्यात आले.

निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे. रूढी सिद्ध झाली असती, तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता. तसेच तळे नगरपालिकेकडे निहित झाल्याचा कायदेशीर परिणामही तपासावा लागला असता. परंतु आता हे प्रश्न उद्भवत नाहीत, असे न्यायमूर्तींनी नमूद केले. म्हणजे अस्पृश्यता ही रूढी म्हणून कायद्याला मान्य आहे की नाही, याचे उत्तर खटल्याने दिले नाही. सवर्णांचा पुरावा अधिक भक्कम असता, तर काय झाले असते? देवालयाजवळच्या तळ्यांविषयी न्यायालयाने जे म्हटले, त्यावरून निकाल उलट लागण्याची शक्यता नाकारता येत नाही. या दृष्टीने महाडचा विजय कर्टिस यांच्या मतपत्राच्या जातीचा आहे: रूढीचा दावा करणाऱ्याचा इतिहासच खोटा पाडणे. लिंकन यांनी किंवा डग्लस यांनी जे व्यासपीठावरून मागितले, ते आंबेडकरांनीही व्यासपीठावरूनच मागितले. न्यायाधीशांना दोष देण्याचे मात्र कारण नाही. जो मुद्दा खालच्या न्यायालयांत मांडला गेला नव्हता, त्यावर निर्णय देण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, आणि समतेचे संविधान अद्याप लिहिले गेले नव्हते.

ते १९५० मध्ये अंमलात आले. त्यातील अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये राज्याच्या पैशातून चालणाऱ्या वा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरास जातीच्या कारणावरून आडकाठी करण्यास मनाई आहे. बोले ठरावाशी या शब्दयोजनेचे नाते उघड आहे. महाडच्या खटल्याच्या दृष्टीने अनुच्छेद १३ अधिक उद्‌बोधक आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरविताना ‘कायदा’ या संज्ञेत कायद्याचे बळ असलेल्या रूढी व परिपाठ यांचाही त्यात समावेश केलेला आहे. ब्रूमफील्ड यांनी अनुत्तरित ठेवलेला प्रश्न येथे निकालात निघाला आणि मसुदा समितीचे अध्यक्ष या खटल्यातील पहिले प्रतिवादीच होते. अमेरिकेत प्लेसी खटल्यातील तत्त्व शिक्षणाच्या क्षेत्रात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. भारतात त्याच सुमारास, १९५५ मध्ये, अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय अपराध ठरविणारा कायदा झाला. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले.

न्यायालयातील हक्क आणि घागरीतील पाणी यांच्यातील अंतर आंबेडकरांना ठाऊक होते. खेड्यातील अस्पृश्याचे पोट सवर्णांच्या शेतावर अवलंबून असल्याने सामाजिक बहिष्काराच्या धाकापुढे निकालपत्र निरुपयोगी ठरते, असे त्यांनी वारंवार लिहिले. डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू करून महाराष्ट्रातील गावोगावच्या विहिरींची पाहणी केली, तेव्हा १९७० नंतरचे दशक सुरू झाले होते आणि बहुसंख्य ठिकाणी दलितांचा पाणवठा निराळाच असल्याचे त्यांना आढळले.