हाताची फ्लॅप शस्त्रक्रिया

हातावरील त्वचा नष्ट झाली असता शरीराच्या अन्य भागातील त्वचा, तिच्याखालील मेदाच्या थरासह व रक्तपुरवठा कायम राखून, त्या जागी बसविण्याच्या प्लास्टिक सर्जरीतील पद्धतीस हाताची फ्लॅप शस्त्रक्रिया म्हणतात. कडबाकुट्टी, उसाचा चरक, कारखान्यातील प्रेस यांत हात सापडणे, खोल भाजणे, जंतुसंसर्ग ही अशा जखमांची काही कारणे होत.

त्वचारोपणात कातडीचा पातळ थर पूर्णपणे सुटा करून जखमेवर लावतात. त्याचे पोषण जखमेच्या तळातील रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. आवरण निघून गेलेले हाड किंवा कंडरा उघडी पडली असेल, तर तेथे असा थर तग धरत नाही. फ्लॅप मात्र स्वतःचे रक्त घेऊन येतो. साडीचा पदर साडीपासून न तोडताच डोक्यावर घेता येतो, तसेच हे आहे. शिवाय मेदाच्या थराखाली कंडरा सरकू शकतात. हाताच्या बाबतीत याचे मोल फार, कारण जखम भरली पण बोटे वळली नाहीत, तर हात निकामीच राहतो.

'''प्रकार'''

बोटाच्या टोकाची लहान जखम त्याच बोटाची त्वचा पुढे सरकवून झाकता येते. बोटाच्या तळव्याकडील बाजूसाठी शेजारच्या बोटाच्या पाठीवरील त्वचा वापरतात. तेव्हा दोन्ही बोटे सुमारे दोन ते तीन आठवडे जोडलेली राहतात. मोठ्या जखमेसाठी अग्रबाहूवरील फ्लॅप उपयोगी पडतो. यात मनगटावर जिची नाडी पाहतात ती रोहिणी खर्ची पडते, म्हणून दुसरी रोहिणी एकटी हाताला रक्त पुरवू शकते की नाही, हे आधी तपासावे लागते. मुक्त फ्लॅपमध्ये दूरच्या भागातील त्वचा सुटी करून तिच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली हातातील वाहिन्यांना शिवतात.

'''जांघेतील फ्लॅप'''

इयान मॅग्रेगर व इयान जॅक्सन यांनी 1972 मध्ये या फ्लॅपचे वर्णन केले. मांडीच्या मुख्य रोहिणीपासून कटीच्या हाडाकडे जाणाऱ्या एका बारीक शाखेवर तो पोसला जातो. फ्लॅपचे एक टोक जांघेशी जोडलेले ठेवून दुसरे हातावर शिवतात. सुमारे तीन आठवड्यांत हाताकडून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, मग जोड कापतात. तोवर हात जांघेपाशीच ठेवावा लागतो. जेवण, कपडे, अंघोळ, सर्वांसाठी दुसऱ्याचा आधार लागतो. खांदा व कोपर आखडतात आणि हात खाली राहिल्याने सूज येते. सूक्ष्मशल्यक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणी तरीही हा फ्लॅप मोठा आधार आहे. त्याची जाडी पुढे आणखी एखाद्या शस्त्रक्रियेने कमी करावी लागू शकते.

'''शस्त्रक्रियेनंतर'''

पहिले काही दिवस फ्लॅपचा रंग व उष्णता वारंवार पाहतात. तो फिकट व थंड पडल्यास रक्त आत येत नाही, निळसर होऊन फुगल्यास ते बाहेर जात नाही, असे समजतात. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्याने ते वर्ज्य असते. शल्यचिकित्सकाने परवानगी देताच बोटांचे व्यायाम सुरू करतात व ते काही महिने चालतात.