वेताची सोय

नांदगांवसारख्या रेल्वेच्या गांवीं दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत मुलानें मुद्गलांची जोडी आणली, कीं ती ठेवावी कोठें हा गृहिणीचा पहिला प्रश्न! आपल्या पूर्वजांनीं तो घराबाहेरच सोडविला होता. करेले, नाल, लेझिमी सारें तालमींत, घरीं यावयाचा तो केवळ लंगोट.

मल्लखांबाची गोष्ट अधिक अवघड. याच नाशिक जिल्ह्यांतील कोठुऱ्याच्या बाळंभटदादा देवधरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत (१७९६ ते १८१८) जी विद्या पुनः उभी केली, तिचा खांब जमिनीवरच सुमारें साडेआठ फूट, शिवाय खालीं पुरलेला. तो माळ्यावर कसा टाकावा? तोड निघाली ती दूर काशींत. तेथें दामोदरगुरु मोघे यांना लाकडी खांब मिळेना, म्हणून त्यांनीं वेत टांगला, अशी परंपरा आहे. कारण टंचाईचें, पण लाभ झाला जागेचा. व्यायाम संपला कीं वेत काढून भिंतीशीं उभा करावा, अंगण मोकळें. पुढें चांगला वेत दुर्मिळ झाला आणि सुती दोर आला. तो तर वेटोळें करून खुंटीवर राहतो. मात्र टांगावयास उंच, भक्कम तुळई हवी, आणि आजच्या बिऱ्हाडांत नेमकी तीच नाहीं.