उपऱ्याचा वाटा : परक्यावरील प्रीतीविषयी पवित्र बायबलची शिकवण

परक्यावर व गरजवंतावर प्रीती करावी, ही शिकवण आपण भाविक बहुधा भल्या शोमरोनीच्या दाखल्यावरून शिकलो आहोत. तथापि त्या दाखल्याच्या कितीतरी शतके आधी ती मोशेच्या नियमशास्त्रात आलेली असून तेथे तिचा आरंभ पिकलेल्या शेतात होतो. लेवीय ग्रंथाच्या १९ व्या अध्यायात परमेश्वर इस्राएल लोकांना आज्ञा करतो की, कापणीच्या वेळी शेताच्या कडा अगदी शेवटपर्यंत कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यात राहून गेलेले घड खुडण्यास परत जाऊ नये. ते गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावे (लेवीय १९:९-१०). मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, हा नियमही त्याच अध्यायातला (१९:१३). शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची सुप्रसिद्ध आज्ञा त्यानंतर येते (१९:१८), आणि सोळा वचने पुढे तीच आज्ञा, त्याच क्रियापदासह, उपऱ्याविषयी दिली जाते (१९:३४). शेताची कड आणि मजुरी आधी, प्रीती हा शब्द मागाहून, असा हा क्रम आहे.

गोंदिया जिल्ह्यातील भाविकांना हा अध्याय समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नसावी. बांधीतील धान कापून कडपा वाळत पडल्या, पुंजणे रचली गेली, की मागे राहिलेला सरवा वेचणारे हात कोणाचे असतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. ज्याची स्वतःची बांधी आहे तो सहसा सरवा वेचावयास जात नाही. नियमशास्त्राचे म्हणणे इतकेच की, तो सरवा मालकाने दिलेली भीक नव्हे. तो मालकाचा कधी नव्हताच. पुढे यहुदी धर्मपंडितांनी मिश्ना या ग्रंथात शेताची कड किती सोडावी याचेही मोजमाप ठरविले : साठावा हिस्सा, त्याहून कमी नाही. आज पुष्कळ ठिकाणी हार्वेस्टर यंत्राने कापणी होते आणि सरवा पूर्वीसारखा उरत नाही. म्हणून ही आज्ञा कालबाह्य झाली असे म्हणता येणार नाही. मात्र आपल्या उत्पन्नाची कड आता कोठे आहे, हे प्रत्येकाला नव्याने शोधावे लागेल.

येथे 'उपरा' या शब्दाकडे थोडे लक्ष देणे उचित होईल. मूळ हिब्रू शब्द 'गेर' असा आहे. आपले गाव व आपली भाऊबंदकी सोडून दुसऱ्याच्या मुलुखात राहावयास आलेला, ज्याला तेथे वडिलोपार्जित जमीन नाही, तो गेर. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'उपरी' हा शब्द योजलेला आढळतो, आणि ही निवड मार्मिक आहे. जुन्या मराठी मुलकी दप्तरात 'मिरासदार' म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला आणि 'उपरी' म्हणजे तसा हक्क नसताना जमीन कसणारा, बहुधा बाहेरगावाहून आलेला कुळवाडी. हिब्रू भाषेत 'नोख्री' असा आणखी एक शब्द आहे. तो व्यापारासाठी वा अन्य कारणाने तात्पुरत्या आलेल्या परदेशीयासाठी. त्याच्याकडून व्याज घेण्यास नियमशास्त्र मुभा देते (अनुवाद २३:२०). तेव्हा नियमशास्त्र सर्व परक्यांना सरसकट एकाच मापाने मोजते, असा दावा प्रवचनातून करणे बरोबर नाही. विशेष काळजी आहे ती आपल्यात येऊन राहिलेल्या, आपल्या आधाराशिवाय निभाव न लागणाऱ्या माणसाची. विधवा, अनाथ आणि उपरा ही तीन नावे अनुवाद ग्रंथात वारंवार एकत्र येतात, ती याच कारणाने.

आज्ञा कागदावर असणे निराळे आणि शेतात पाळली जाणे निराळे. रूथच्या ग्रंथात ती पाळली गेलेली दिसते. रूथ ही मवाबी स्त्री, विधवा, सासूसोबत बेथलेहेमास आलेली. मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे नियमशास्त्र एका ठिकाणी स्पष्टपणे सांगते (अनुवाद २३:३). आणि तेच नियमशास्त्र तिला सरवा वेचण्याचा हक्कही देते. बवाजाने यांपैकी कोणते वचन धरावयाचे ते ठरविले. त्याने आपल्या गड्यांना बजावले की तिला कोणी हात लावू नये, पेंढ्यांमधूनही वेचू द्यावे, इतकेच नव्हे तर मूठमूठ कणसे तिच्यासाठी मुद्दाम गळू द्यावीत (रूथ २). परक्या स्त्रीला शेतात कोणत्या संकटाचे भय असते, हे त्या पहिल्या सूचनेवरून कळते. आजही मजूर स्त्रियांच्या बाबतीत ते वेगळे नाही. हीच रूथ दावीद राजाची पणजी झाली आणि मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव घेतले (मत्तय १:५).

प्रीतीचे कारण म्हणून बायबल पुनःपुन्हा एकच गोष्ट सांगते : तुम्हीही मिसर देशात उपरे होता (निर्गम २२:२१, २३:९, अनुवाद १०:१९). उपऱ्याविषयीचा इशारा मोशेच्या पाच ग्रंथांत छत्तीस वेळा, काहींच्या मते शेहेचाळीस वेळा आला आहे, अशी नोंद तालमूदमध्ये आहे. इतक्या वेळा सांगावे लागले याचा अर्थ लोक ते विसरत असले पाहिजेत.

आपल्यालाही मिसर देश आठवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धानाची कामे उरकली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. भाषा परकी, मुक्काम शेताच्या कडेला, हिशेब ठेकेदाराच्या हाती. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा असे किती तरी मजूर वाटेतच अडकले. तेलंगणातील मिरचीच्या शेतातून छत्तीसगडमधील विजापूर जिल्ह्याकडे पायी निघालेली १२ वर्षांची एक आदिवासी मुलगी त्या एप्रिल महिन्यात घराच्या अलीकडेच मरण पावली. त्याच सुमारास मुंबई-कोलकाता महामार्गाने देवरीवरून छत्तीसगडकडे पायी जाणारे मजूर आपल्या जिल्ह्याने पाहिले. ज्यांच्या घरातील कोणी तेलंगणात अडकले होते, त्यांना हे तांडे परके वाटले नसतील.

परक्यांना दीर्घकाळ सामावून घेतल्याचा अनुभवही या जिल्ह्याजवळ आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगाव परिसरात नोर्ग्यालिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये स्थापन झाली. त्या वेळी हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. बर्फाच्या प्रदेशातील लोकांनी विदर्भाच्या उन्हाळ्यात धानाची शेती शिकावी, हे सोपे नव्हते. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकून त्यांनी संसार सावरले. याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांचेही पुनर्वसन झाले. ही उदाहरणे ख्रिस्तसभेच्या कार्याची नाहीत. पण उपऱ्याला जमिनीचा वाटा देणे म्हणजे काय, ते त्यांतून दिसते.

नव्या करारात ही शिकवण अधिक धारदार होते. लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात (लूक १०:२५-३७) परका मनुष्य मदत घेणारा नाही, मदत करणारा आहे. जखमी माणसाला ज्याच्या हातून पाणी घेणे नको वाटले असते, तोच त्याला उचलतो आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, देऊन पुढील खर्चाचीही हमी देतो. मत्तयच्या २५ व्या अध्यायात प्रभू स्वतःलाच परक्याच्या जागी ठेवतो. तेथील 'कनिष्ठ बंधू' म्हणजे केवळ ख्रिस्ताचे शिष्य, असे काही अभ्यासक मानतात. ख्रिस्तसभेने मात्र परंपरेने त्यात प्रत्येक गरजवंत पाहिला आहे. वेदीला रेशमी वस्त्रे नेसवून बाहेर थंडीत उघड्या पडलेल्या ख्रिस्ताकडे दुर्लक्ष करू नका, असे संत योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस याच अध्यायाच्या आधारे बजावले होते. इब्री लोकांस पत्रात (१३:२) पाहुणचारासाठी 'फिलोक्सेनिया' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थच परक्यावरील प्रेम. आपल्या बोलण्यात 'पाहुणा' म्हणजे बहुधा सोयरा, आणि त्याच्यासाठी कोंबडे कापणे कोणाला जड जात नाही. पत्रलेखकाला तो पाहुणा अभिप्रेत नाही.

पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या आपल्या आदेशपत्रात मिसर देशी पळालेल्या नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी स्वाक्षरी केलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा दुसरा अध्याय संपूर्णपणे भल्या शोमरोनीवर आहे. त्यांनीच २०१६ मध्ये घोषित केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून नोव्हेंबरच्या मध्यास येणाऱ्या रविवारी पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा धान पुंजण्यात असते.

त्या हंगामात अनुवाद ग्रंथाचा २६ वा अध्याय धर्मग्रामात वाचावयास हरकत नाही. दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशांश लेवी, उपरा, अनाथ व विधवा यांना गावातच पोटभर खावयास द्यावयाचा असे. तो दिल्यानंतर शेतकऱ्याने परमेश्वरासमोर उभे राहून तोंडाने सांगावयाचे की, पवित्र वाटा मी घरातून काढला आहे, त्यातले काही मागे ठेवलेले नाही (अनुवाद २६:१२-१३). उपऱ्याच्या त्या धान्याला तेथे 'पवित्र' हाच शब्द वापरलेला आहे.