असील : एका खानदानी कोंबड्याचा इतिहास

'असील' हा शब्द आम्हां उर्दू शिकवणाऱ्यांच्या रोजच्या वापरातला आहे. अरबी 'अस्ल' म्हणजे मूळ, आणि ज्याचे मूळ शुद्ध, ज्याला खानदान आहे, तो असील. मराठी भाषकालाही हा शब्द परका नाही. 'अस्सल' सोने, 'असली' माल हे शब्द त्याच घराण्यातले. कोर्टकचेरीत वकील ज्याच्या वतीने बोलतो तो 'अशील'ही मूळचा हाच. वकील म्हणजे प्रतिनिधी, अशील म्हणजे मूळ माणूस. एवढा मानाचा शब्द आपल्या पूर्वजांनी एका कोंबड्याला दिला. तो का दिला आणि आज त्या कोंबड्याची दशा काय आहे, हे पाहण्यासारखे आहे.

कोंबडीचा इतिहास माणसाच्या इतिहासाला चिकटून चालतो. तांबडा रानकोंबडा हा तिचा मुख्य पूर्वज, हे डार्विनने एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने हे मूळ नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात दाखवले. २०२२ साली मांडले गेलेले सर्वांत जुने निश्चित अवशेष मध्य थायलंडमधले, म्हणजे सुमारे सव्वातीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पण या कथेत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली सिद्ध झाले. हा राखी रानकोंबडा म्हणजे कोकणच्या आणि घाटमाथ्याच्या जंगलात पहाटे ओरडणारा तोच.

असील ही हिंदुस्थानची जात. आंध्र, छत्तीसगड आणि ओडिशा हा तिचा मुख्य मुलूख. उंच, ताठ उभा राहणारा, लांब मानेचा, रुंद छातीचा आणि अंगाला घट्ट चिकटलेल्या पिसांचा हा कोंबडा. तुरा वाटाण्यासारखा लहान, गलोल जवळजवळ नाहीच. म्हणजे समोरच्याच्या चोचीत सापडेल असे काहीच नाही. नर तीन ते चार किलोंचा, मादी दोन ते तीन किलोंची. त्याच्या रंगांची नावे ऐकली की जणू एखाद्या जुन्या मोहल्ल्याची हजेरी घेतल्यासारखे वाटते : सोनेरी तांबडा तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, पांढरा तो नूरी, काळा तो कागर, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चित्ता, शिवाय सब्जा, टीकर, रेजा. ही नावे कोणा शास्त्रज्ञाने ठेवलेली नाहीत. पाळणाऱ्यांच्या बोलीतून ती आली आणि सरकारी पुस्तकांत जशीच्या तशी गेली.

ही जात घडली ती झुंजीसाठी, हे लपवण्यात अर्थ नाही. आंध्रातल्या पलनाडच्या बाराव्या शतकातील युद्धाची ठिणगी कोंबड्यांच्या झुंजीतून पडली, असे तिथली लोकगाथा सांगते. अवधच्या नवाबांनी तर या शौकाला दरबारी थाट दिला. नवाब आसफउद्दौला आणि कर्नल मॉर्डन्ट यांच्या लखनौमधील झुंजीचे चित्र योहान झोफनी या चित्रकाराने १७८४ ते १७८६च्या सुमारास वॉरन हेस्टिंग्जसाठी काढले. ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. गर्दीत नवाब आहे, गोरे अधिकारी आहेत, नोकरचाकर आहेत, आणि ज्यांच्यासाठी सगळे जमले ते दोन कोंबडे मधोमध. अब्दुल हलीम शरर यांनी 'गुजिश्ता लखनौ'मध्ये, १९१३पासून 'दिलगुदाज' मासिकात छापत गेलेल्या त्या लेखमालेत, या मुर्गबाजीवर आवर्जून लिहिले आहे. असीलच्या शौर्याबद्दल त्यांची लेखणी आदराने बोलते.

मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवण्यास पैगंबरांनी मनाई केल्याची हदीस आहे, आणि कोंबडा नमाजसाठी उठवतो म्हणून त्याला शिव्याशाप देऊ नयेत अशीही हदीस आहे. नवाबांना या दोन्ही ठाऊक नसतील असे नाही. शौक आणि पैज यांच्यापुढे उपदेश मागे पडला, एवढेच. स्वतंत्र भारतात १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा झुंजी गुन्हा ठरवल्या. तरीही किनारी आंध्रात संक्रांतीला पायांना सुऱ्या बांधून झुंजी लागतात आणि न्यायालयाला पुन्हा पुन्हा बजावावे लागते.

इथे एक पेच उभा राहतो. झुंजीमुळेच शौकिनांनी या जातीचे रक्त शुद्ध राखले. मग झुंज गेली तर जात कशासाठी राखायची?

उत्तर शोधायला इतिहासातच थोडे पुढे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी असील विलायतेला नेला. इंग्लंडमध्ये १८३५ साली कोंबड्यांच्या झुंजीवर बंदी आली. कॉर्नवॉल परगण्यात असील आणि तिथल्या झुंजीच्या जातींच्या संकरातून 'इंडियन गेम' ऊर्फ 'कॉर्निश' ही जात तयार झाली. ती लढाईत फारशी चमकली नाही, पण तिची छाती भलतीच भरदार निघाली. पुढे अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा झाली, आणि १९४८च्या तिच्या अंतिम फेरीत कॉर्निश रक्ताच्या संकरित कोंबड्यांनी बाजी मारली. आज सहा आठवड्यांत दोन किलोंच्या घरात जाणारा ब्रॉयलर बापाच्या बाजूने त्याच कॉर्निशचा वारस आहे. म्हणजे शहरातल्या प्रत्येक चिकन सेंटरवर टांगलेल्या पांढऱ्या कोंबडीत असीलच्या रक्ताचा अंश आहे. वंशज कोट्यवधी आणि मूळ घराणे ओस, अशी ही गोष्ट आहे.

हे घराणे ओस पडण्याची कारणे साधी आहेत. असील वर्षाला तीस-चाळीसच अंडी देते. पिल्लाला वजन धरायला सहा-सात महिने लागतात. हिशोबाच्या वहीत ती तोट्याची. पण परसातला हिशोब वेगळा असतो. ती खुडूक बसली की एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही. इतर कोंबड्यांची अंडीही तिच्याखाली उबवून घेता येतात. घार आली, मुंगूस आले, तर पिल्लांसाठी ती अंगावर धावून जाते. उकिरड्यावर, अंगणात, शिळ्या भाकरीच्या तुकड्यांवर ती वाढते. तिचे मांस घट्ट आणि चवदार. म्हणून नवाबांचा शौक गेला तरी तिला जगवले ते बायकांनी. आंध्रच्या आदिवासी भागात एकीने दुसरीला मादी द्यायची आणि निघालेली पिल्ले दोघींनी वाटून घ्यायची, अशी 'वाटा' पद्धत आहे. आपल्याकडे शेळी-कोंबडी अर्धलीने देतात, तशीच ही रीत. झोफनीच्या चित्रात नवाब आहे. त्या कोंबड्याला अंड्यातून बाहेर काढून सांभाळणारी बाई त्यात कुठेच नाही. इतिहास शिकवताना आम्हांला ही गोष्ट फार खटकते.

महाराष्ट्राची स्वतःची जातही याच वाटेवर उभी आहे. नंदुरबारच्या नवापूर भागात आणि लगतच्या गुजरातेत 'बुसरा' नावाची लहान चणीची देशी कोंबडी आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने असीलप्रमाणे तिचीही नोंद केली आहे. याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू उघड झाला. रोग पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ साली तिथे पुन्हा तेच घडले. साथीच्या वेळी असा निर्णय टळत नाही, पण जी जात एकाच मुलखात असते ती एका साथीत संपू शकते. म्हणून ती अनेक परसांत विखुरलेली असणे हाच तिचा विमा.

ज्यांच्याकडे चार हात अंगण आहे त्यांना हे काम अवघड नाही. एक नर आणि पाच-सहा माद्या पुरतात. नर पिल्ले वयात येऊ लागली की वेगळी ठेवावीत, नाहीतर ती एकमेकांना घायाळ करतात. मानमोडीची लस वेळेवर द्यावी. जात कितीही काटक असली तरी हा रोग खुराडे रिकामे करतो. नात्यातल्या नात्यात वीण होऊ नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या पाळणाऱ्याशी नर बदलावा. आणि ज्या मादीची अंडी उबवायची तिच्याजवळ संकरित कोंबडा येऊ देऊ नये. हैदराबादच्या संशोधन संस्थेची 'वनराजा' अंड्यांसाठी उत्तम आहे, पण दोन्ही एकत्र सोडल्या तर असील दोन-तीन पिढ्यांत नावापुरतीच उरते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेने असीलच्याच संकरातून 'निर्भीक' ही परसासाठीची कोंबडी तयार केली. पण असा संकर पुन्हा करायचा तरी मूळ असील शिल्लक असावी लागते.

शराफत लढण्यात असते असे लखनौच्या मुर्गबाजांना वाटले. आम्हांला ती अंड्यांवर एकवीस दिवस बसण्यात दिसते. झुंज थांबो आणि जात टिको, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात. त्यासाठी नवाब लागत नाहीत. एक खुराडे, दोन मूठ ज्वारी आणि अर्धलीने मादी देणारी शेजारीण एवढे पुरते. आणि मुलांना पीला, याकूब, नूरी यांतला फरक दाखवता आला पाहिजे. नावे विसरली गेली की पक्षीही फार दिवस राहत नाहीत.