कंसातले साल

1881 साली हार्वर्डच्या तौलनिक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या पत्रिकेत एडवर्ड लॉरेन्स मार्क यांचा शंखहीन गोगलगायीच्या अंड्यावरचा प्रदीर्घ लेख छापून आला. त्यात एका वाक्याच्या मध्येच त्यांनी कंस करून आधीच्या संशोधकाचे साल टाकले आणि ही काय भानगड आहे ते वाचकाला कळावे म्हणून खाली खुलाशाची टीप दिली. तळटीप हटवणाऱ्या पद्धतीची ओळख तळटीपेनेच करून द्यावी लागली! ‘हार्वर्ड पद्धती’चे मूळ म्हणून आज हाच लेख दाखवला जातो. सोय उघड होती. एकाच संशोधकाचा दहादा उल्लेख येणार असेल तर दहा टिपा जुळवण्यापेक्षा नाव आणि साल पुरते. सगळा तपशील शेवटच्या यादीत एकदाच. शिवाय प्राणिशास्त्रात कोणते निरीक्षण आधीचे आणि कोणते नंतरचे, याला मोल असते, म्हणून साल पुढे आले. इतिहासकारांनी मात्र तळटीप सोडली नाही आणि त्यांचे बरोबरच होते. पेशवे दफ्तरातल्या कागदासाठी नाव आणि साल सांगून भागत नाही, तो ज्या रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधला आहे त्याचा क्रमांक सांगावा लागतो. संदर्भाचा साचा असा त्या त्या विषयाच्या आणि छपाईच्या गरजेतून घडला. आज विद्यार्थ्याचे गुण मात्र कापले जातात ते तो साचा म्हणजेच विद्वत्ता असल्यासारखे.

शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने 1906 मध्ये नियमपुस्तक काढले, त्याची सुरुवात जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्या कामाच्या टाचणातून झाली होती. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे ‘एपीए’ नियम 1929 मध्ये अवघ्या सात पानांत मावले होते. शंका आली तर पाहायला एक आधार असावा, अपवाद निघतीलच, असा त्यांचा सूर होता. 2019 ची सातवी आवृत्ती चारशे पानांच्या वर गेली आहे. गरज सरली तरी नियम कसा उरतो, यासाठी ग्रंथनामाखाली रेघ ओढण्याची सवय घ्या. हस्तलिखितातली ती रेघ म्हणजे जुळाऱ्याला दिलेली सूचना होती: हे तिरप्या टायपात घे. टंकलेखन यंत्रावर तिरपा टाइप नव्हता, म्हणून रेघ टिकली. देवनागरी छपाईत तिरप्या टायपाची परंपराच नाही, तरीही मराठी प्रबंधांत ती रेघ दिसते. प्रकाशनस्थळाची गोष्टही अशीच. एके काळी ते पुस्तक कुठे मिळेल याचा पत्ता होता. सातव्या आवृत्तीने ते पुस्तकांच्या नोंदीतून काढून टाकले.

यावर कोणी म्हणेल, नियम कुठूनही आलेले असोत, एकसारखेपणा तर हवाच. हवाच. एका सूचीत तीन तऱ्हा असतील तर डोळा अडखळतो आणि अकारविल्हे लावलेली यादी वापरता येत नाही. पण ही गरज एका सूचीपुरती आहे. त्यावरून पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम पडला हा अपराध ठरत नाही. दुसरा आक्षेप शिस्तीचा: बारकावे पाळणारा विद्यार्थी पुरावाही नीट तपासतो. हा संबंध मला संशयास्पद वाटतो. नोंद बिनचूक साच्यात बसवण्याचे काम आता झोटेरोसारखी संगणक प्रणाली क्षणात करते. पुस्तक उघडून पान पडताळण्याचे काम ती करत नाही. आणि इंग्रजी साचा मराठी साधनांवर जसाच्या तसा लादला की खरे प्रश्न झाकले जातात. जुन्या पुस्तकावर शके 1800 असेल तर कंसात ते लिहायचे की 1878? ‘कुसुमाग्रज’ क खाली शोधायचे की शिरवाडकर म्हणून श खाली? तुकारामांना आडनावाच्या रकान्यात कसे बसवायचे? आडनाव उलटून आधी घेतल्याची खूण म्हणून इंग्रजीत स्वल्पविराम येतो. आपल्या शाळांच्या हजेरीपटात आडनाव बहुधा पहिलेच असते, तिथे तो कशासाठी, हेही कोणी विचारत नाही.

तेव्हा परीक्षकांनी सूची तपासताना कसोटी एकच ठेवावी: या नोंदीवरून मला ते पुस्तक, ती आवृत्ती आणि ते पान सापडते का? सापडत नसेल तर गुण जरूर कापावेत, कंस कितीही सुबक असले तरी.