काचेवरचा लाल ठिपका

आमच्या घरी व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ आहे आणि त्या रेडिओची एक कथा आहे. १९४२ च्या चळवळीत आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, दारे लावून याच रेडिओवर गुप्त काँग्रेस रेडिओ ऐकला, आणि जागा पुन्हा चटकन सापडावी म्हणून काचेवर लाल ठिपका दिला. थोरले काका ही कथा दर दिवाळीला फराळाच्या वेळी रंगवून सांगत. ठिपका खरोखरच आहे. ४१ मीटरच्या आकड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालविलेले ते केंद्र ४२.३४ मीटरवर लागे. ऑगस्टअखेर ते सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागले. तेव्हा संशय घ्यावा असे कथेत काही नव्हते.

काका गेले. यंदाच्या पावसाळ्यात मी रेडिओ दुरुस्तीला काढला. आवाज खरखरत का होईना, येत होता. परंतु डायलमागचे दोन्ही दिवे केव्हाच गेले होते आणि काचेवरची नावे अंधारात बुडाली होती. मागे कोणा कारागिराने तिथे वाजवीपेक्षा मोठा दिवा बसविला असावा. त्याच्या आचेने मागचा पांढरा कागद करपून तपकिरी झाला होता आणि होल्डरच्या तारांवरचे रबर बोट लावताच भुगा होऊन गळत होते.

हे दिवे ६.३ व्होल्टचे असतात. व्हॉल्व्हच्या तंतूंना ऊब देणारी ट्रान्सफॉर्मरची गुंडाळीच त्यांनाही वीज पुरविते. मी ०.१५ अँपिअरचे दिवे आणले; म्हणजे एक वॅटही नाही. एका मित्राने आजकालचा एलईडी दिवा सुचविला. लावून पाहिला, तो दवाखान्यासारखा पांढरा उजेड पडला आणि वर तो थरथरू लागला. काढून टाकला. नव्या तारा झाळल्या, कागदाच्या जागी पांढरा पुठ्ठा बसविला. काच मात्र फक्त समोरून पुसली. अक्षरे मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. ओले फडके लागले की शहरेच्या शहरे पुसली जातात!

संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून रेडिओ लावला. काचेच्या कडेतून उजेड आत शिरला आणि नावे एकेक करून उजळली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, लखनौ. आणि त्यांच्यामध्ये नागपूर.

मी जागीच थबकलो. फाळणीच्या वेळी आपल्या वाट्याला नभोवाणीची सहा केंद्रे आली. लाहोर, पेशावर, ढाका पलीकडे गेली. त्या सहांत नागपूर नव्हते. नागपूर केंद्र सुरू झाले १९४८ च्या जुलैत. जे केंद्र १९४२ साली नव्हतेच, त्याचे नाव १९४२ च्या काचेवर कोण छापील? पुण्याचे नाव काचेवर नाही, आणि पुणे केंद्र १९५३ चे. अर्थात नसलेल्या नावावर फार भिस्त ठेवू नये, कारखानदार जुन्याच काचा वापरीत राहू शकतो. असलेले नाव मात्र खोटे बोलत नाही.

दोन दिवस मी हे कुणाला सांगितले नाही. काकांना खोटे पाडल्यासारखे वाटत होते. शेवटी आत्याकडे गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“बेचाळीस साली आपल्याकडे रेडिओ कुठला? तो आला तेव्हा मी चौथीत होते,” ती म्हणाली. “आणि ठिपका माझा आहे. नखं रंगवायच्या रंगाचा.”

हिशेब जुळत होता. १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना आवर घातला. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले. त्याच वर्षी तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. विविध भारती यायला १९५७ उजाडले. सिलोन लागे ४१ मीटरच्या पट्ट्यात, त्या गुप्त केंद्राच्या अगदी शेजारी.

“अण्णांना केसकरांचं पटायचं,” आत्या हसली. “ते बुधवारी आठला फिरायला बाहेर पडले की मी पटकन काटा ठिपक्यावर आणायची. शोधत बसायला वेळ कुणाला होता?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“दादा इतक्या रंगात येऊन सांगायचा रे. मधेच कुठे मोडता घालायचा?”